सात खुंट्यांची भिंत

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. भाड्याची पावती मंडळाच्या नावावर फाटत असे, आणि मंडळ तीन गावांचे होते. ही तीन गावे कोकणात एकाच ओढ्याच्या काठी वसलेली. सर्वांत वर डोंगराखालचा गाव, नंतर बाजार आणि शाळा असलेला मधला गाव, आणि ओढा जिथे खाडीला मिळतो तिथे खाडीकडचा गाव. तिघांची मिळून एक गट ग्रामपंचायत होती. पंचायतीचे ऑफिस, कोंडवाडा आणि रस्त्यावरचा कंदील हे सगळे मधल्या गावात होते. मी मधल्या गावचा.

शिक्षण आटोपून मी मुंबईत आलो तेव्हा या खोलीत उतरलो आणि तिथेच राहिलो. गिरगावातल्या एका दैनिकात मुद्रितशोधकाचे काम मिळाले होते. सकाळी लालबागहून ट्रामने जायचे, संध्याकाळी ट्रामने परत यायचे. खोलीतले बाकी सगळे गिरणीत होते. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे पंचवीस-तीस माणसांची खोली कधीच पूर्ण भरत नसे. एकाने वळकटी गुंडाळली की त्याच जागी दुसऱ्याची उलगडली जाई. जेवण सगळ्यांचे मागच्या गल्लीतल्या खाणावळीत. खोलीत फक्त चहा होत असे, आणि सणाला मंडळाच्या मोठ्या टोपात डाळभात.

प्रत्येकाच्या मालकीची म्हणून खोलीत एकच गोष्ट होती, ती म्हणजे भिंतीतली खुंटी. नवा माणूस गावाहून आला की पहिल्या रविवारी त्याची खुंटी ठोकली जाई. खुंटी शिवणीच्या लाकडाची असे आणि ती गावाहूनच आणायची अशी रीत होती. त्या खुंटीला त्याचा सदरा, पिशवी, छत्री. माणूस नोकरी संपवून गावी परतला तरी त्याची खुंटी काढत नसत. तो जिवंत आहे तोवर ती त्याची. दुसऱ्या कोणी तिला टॉवेलसुद्धा अडकवायचा नाही. तो कधी मुंबईला आला तर आपल्या खुंटीला सदरा लावणार, खोलीतला होणार. गावाहून माणूस गेल्याची बातमी आली की मग ती खुंटी उपटून चुलीत घालत. भिंतीवर त्यामुळे नेहमीच काही खुंट्या रिकाम्या दिसत. बाहेरचा कोणी आला तर विचारी, इतक्या खुंट्या मोकळ्या आणि कपडे दोरीवर का. त्याला कोणी समजावून सांगत बसत नसे.

खोलीत सगळ्यांत वडील होते ते आबा. त्यांना सगळेच आबा म्हणत. डोंगराखालच्या गावचे. एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणत. अंग बारीक, आवाज मोठा. साच्यांच्या गडगडाटात आयुष्य गेलेल्या बहुतेकांचा आवाज मोठाच असतो, पण आबांच्या आवाजाला खोलीत काम होते. ते गाऱ्हाणे घालत.

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, सगळ्यांच्या वतीने, मोठ्याने केलेले मागणे. खोलीत ते वर्षातून दोनदा होई. एकदा चतुर्थीला गावी निघण्याआधी, एकदा दसऱ्याला. घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि बाकीचे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गावी हा मान आबांच्या घराण्याकडे होता, तिन्ही गावांसाठी. खोलीतही तो त्यांच्याकडे आला. गिरणीत त्यांना जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, एकेरीत हाक मारी. दसऱ्याला तोच जॉबर, आमच्या मधल्या गावचा माणूस, त्यांच्या मागे हात जोडून उभा राहून व्हय म्हाराजा म्हणे.

गाऱ्हाण्याचे दोन नियम होते. ज्या गावाचे नाव गाऱ्हाण्यात घेतले जाते त्याच गावच्या माणसाने उत्तर द्यायचे. आणि घालणाऱ्याने स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतः व्हय म्हणायचे नाही. उत्तर आले नाही तर नारळ फोडता येत नाही. हा शेवटचा भाग मी नुसता ऐकून होतो. तो कधी लागू पडेल असे कोणाला वाटले नव्हते, कारण आबा वरच्या गावापासून सुरुवात करून ओढ्याच्या धारेने खाली खाडीपर्यंत तिन्ही गावांची नावे घेत आणि उत्तर इतके मोठे येई की खालच्या मजल्यावरची मुले जिन्यात येऊन उभी राहत.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे होती. आमच्या खोलीत त्याबद्दल दोन मते नव्हती. मोर्चा असला की पाळीवर नसलेला प्रत्येक जण जाई. हरताळाच्या दिवशी अडचण वेगळीच होई. गिरण्या बंद, त्यामुळे सगळ्या पाळ्या एकदम घरी. खोलीत सगळ्यांना पाय पसरता येत नसत. अर्धे लोक गॅलरीत उकिडवे बसून असत आणि खालच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी गेली की माना वळवत. त्या दिवसांत खोलीत गावच्या गजाली, म्हणजे गप्पा, फार होत. आणि गावच्या गजाली म्हटल्या की साकव निघेच.

साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल. पंचायतीने तो बांधायचे ठरवले तेव्हा डोंगराखालच्यांना तो आपल्याकडे हवा होता, कारण पावसात त्यांची वाट तुटे. पंचायतीत खाडीकडचे आणि मधले एक झाले आणि साकव खाडीकडे झाला. आबा दर वेळी म्हणत, "साकव तुमचो, पाय आमचे चिखलात." खाडीकडचा एक तरुण होता, रंगखात्यात काम करणारा, बोलायला तिखट. त्याचे उत्तर ठरलेले असे, की आबांनी चिखलात पाय ठेवून किती वर्षे झाली. यावर सगळे हसत, आबाही हसत. मला तेव्हा हे भांडण वाटत नसे.

एका उन्हाळ्यात पंचायत मोडली. सरकारी आदेशाने गट रद्द झाला आणि तिन्ही गावांना स्वतंत्र पंचायती मिळाल्या. मे महिन्याची रजा काढून परतलेल्या लोकांनी ही बातमी खोलीत आणली. त्याच आठवड्यात आमच्या दैनिकाच्या जिल्हावार्तेत ती चार ओळींत आली. तिचे मुद्रित माझ्यापुढे आले तेव्हा मी एका गावाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली आणि कागद पुढे पाठवला.

गावी लोकांनी पेढे वाटले म्हणे, तिन्हीकडे. खोलीत पहिले काही दिवस काहीच झाले नाही. मग खाडीकडच्यांनी विषय काढला. घोडपदेवला त्यांच्यातल्या एकाला खोली मिळत होती. पंचायत वेगळी तर मंडळही वेगळे असावे, मंडळाच्या वस्तूंची वाटणी व्हावी, असे त्यांचे म्हणणे. मधल्या गावच्यांनी, म्हणजे आम्ही, फारसा विरोध केला नाही. आमची संख्या मोठी होती आणि आम्हाला जागा अपुरी पडत होती.

सभा रविवारी दुपारी झाली. जॉबर अध्यक्षस्थानी, म्हणजे खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर. टोप, समया, टाळ, ढोलकी यांवर बोलणे झाले. कोणीतरी म्हणाले की पंचायत ही सरकारची, गाऱ्हाणे देवाचे. ते आहे तसेच आबांनी तिघांसाठी घालत राहावे. यावर बहुतेकांनी मान डोलावली. विषय तिथे संपला असता. पण रंगखात्यातला तरुण आबांकडे न बघता म्हणाला,

"पंचायत मोडली. आता आमच्या गावाचा नाव तुमच्या तोंडात कित्याक व्हया?"

तो हे साकवाच्या थट्टेतल्याच सुरात बोलला होता. दोघे-तिघे हसलेही. आबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"खरा बोललास," ते म्हणाले. "वाटणी म्हणजे वाटणी. मगे गाऱ्हाण्याची पण करूया. ज्येचा गाव, त्येचा गाऱ्हाणा."

जॉबरने त्यांना बसायला सांगितले, इतके टोकाला जायचे कारण नाही असे समजावले. आबा ऐकेनात. वाटणी करायची तर ती घराण्यातल्या वडिलाने करायची अशी गावची पद्धत. ती आपणच करणार, आणि खोलीचीही करणार, असे ते म्हणाले. जोवर तिन्ही गावची माणसे या खोलीत आहेत तोवर प्रत्येक गावाला एक भिंत. ज्याच्या खुंट्या जास्त त्याला मोठी भिंत. सभेने ते मान्य केले.

त्या संध्याकाळी आबांनी खुंट्या मोजल्या. भिंतीवरून हात फिरवत ते एकेक खुंटी कोणाची ते सांगत गेले. मधल्या गावाला दाराच्या उजवीकडची लांब भिंत गेली. खाडीकडच्यांना समोरची, खिडक्यांची. डोंगराखालच्या गावाच्या सात खुंट्या निघाल्या, त्यांना दाराच्या डावीकडची भिंत मिळाली. खुंट्या उपटून ज्याच्या त्याच्या भिंतीत पुन्हा ठोकण्यात आल्या. काम संपले तेव्हा सर्वांच्या लक्षात एकदमच आले. दोन भिंतींवर सदरे, पिशव्या, डबे होते. डावीकडच्या भिंतीवर सात खुंट्या सरळ रेषेत होत्या आणि त्यांतल्या एकीलाच छत्री होती.

बाकीचे सहा जण नोकरी संपवून गावी परतले होते. ते जिवंत होते, म्हणून त्यांच्या खुंट्या जिवंत होत्या, म्हणून आबांनी त्या मोजल्या होत्या. त्यांच्या हिशेबात त्यांच्या गावची सात माणसे खोलीत राहत होती. इतकी वर्षे खोली एकच असल्यामुळे, निजायला शेजारी कोणत्या गावचा माणूस आहे हे पाहायची वेळच आली नव्हती.

रंगखात्यातला तरुण या वेळी जपून बोलला. "आबा, तुमच्या भिंतीर निजाक कोण येतला?"

"त्येंचे झिल मोठे झाले आता," आबा म्हणाले. "येतले."

त्या चतुर्थीला, निघण्याआधीचे गाऱ्हाणे न घालताच, आबा गावी गेले ते या सहा घरांतल्या मुलांना घेऊन येण्यासाठी. गिरणीत बदली कामगार म्हणून लावून देतो असा त्यांनी जॉबरकडून शब्द घेतला होता. परत आले ते एकटे. कोणी काय सांगितले ते त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितले. डोंगराखालच्या नव्या पंचायतीने रस्ता काढला होता. दोन मुले त्या कामावर होती. एकाला पंचायतीत शिपायाची जागा लागली होती. एक पुण्याकडे गेला होता. उरलेल्या दोघांच्या आयांनी पाठवायला नकार दिला. पावसात वाट तुटायची ती आता तुटणार नाही, हे सांगताना आबांचा आवाज खाली आला होता.

तोवर खाडीकडचे घोडपदेवला गेले. जाताना त्यांनी समोरच्या भिंतीतल्या सगळ्या खुंट्या उपटून नेल्या, गावी असलेल्यांच्यासुद्धा. भोकांत कोणीतरी चुना भरला. निघताना त्यातला प्रत्येक जण आबांच्या पाया पडला.

दसरा आला. सकाळी झेंडू आणि आंब्याची पाने आणली गेली. आमच्या भिंतीपाशी जॉबरने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. त्याला ते नीट येत नव्हते. मध्ये तो अडला तेव्हा त्याने सवयीने आबांकडे पाहिले आणि आबांनी न बोलता ओठ हलवून पुढचा शब्द दाखवला. आम्ही व्हय म्हाराजा म्हणालो. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा आबांनाही दिला.

मग आबा आपल्या भिंतीपुढे गेले. त्यांनी धुतलेले धोतर नेसले होते. नारळ पाटावर ठेवला, शेंडी देवाकडे केली आणि सुरुवात केली. आवाज नेहमीचाच होता, खालच्या जिन्यापर्यंत जाणारा. पहिले वाक्य संपवून ते थांबले. गाऱ्हाण्यात उत्तरासाठी जितके थांबतात तितकेच थांबले. खोलीत वीसेक माणसे होती. सगळी मधल्या गावची. कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेही, गाऱ्हाण्यात आमच्या गावाचे नाव नव्हते आणि ज्याचा गाव त्याचे गाऱ्हाणे ही वाटणी आबांनीच सभेत केली होती. जॉबर जमिनीकडे पाहत होता. आबांनी दुसरे वाक्य घेतले. पुन्हा थांबले. असे करत त्यांनी गाऱ्हाणे शेवटपर्यंत नेले, प्रत्येक उत्तराची जागा रिकामी सोडून. एकही गाळली नाही.

नारळ त्यांनी फोडला नाही. उचलून कोनाड्यात ठेवला आणि आमच्याबरोबर चहा प्यायले.

त्यानंतर खोली हळूहळू रिकामी झाली. याचा दसऱ्याशी संबंध जोडता येणार नाही. आमच्या गावच्या काहींनी बायकामुले आणली आणि चिंचपोकळीला, परळला खोल्या घेतल्या. जॉबरला गिरणीच्या चाळीत जागा मिळाली. गेलेल्यांपैकी कोणी खुंट्या काढून नेल्या, कोणी राहू दिल्या. वसंत संपेपर्यंत खोलीत आठ-दहा माणसे उरली आणि पाळ्यांमुळे एका वेळी दोघे-तिघेच असत. निजायला जागाच जागा झाली. आबा तरीही डावीकडच्या भिंतीला लागूनच वळकटी घालत, आणि बाकीच्या सहा खुंट्यांखालची जमीन मोकळी ठेवत. कोणाची वळकटी तिथवर सरकली तर ते काही म्हणत नसत, फक्त बघत. मग ती मागे घेतली जाई.

कोनाड्यातला नारळ तिथेच होता. झाडलोट करताना तो उचलून पुन्हा ठेवला जाई. मी एकदा तो हलवून पाहिला. आतले पाणी कमी झाल्याचा आवाज आला.

मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य झाले तेव्हा लालबागला रोषणाई होती. प्रत्येक चाळीच्या गॅलऱ्यांना पणत्या लागल्या होत्या. आमच्या दैनिकाने त्या दिवसाच्या अंकासाठी सगळ्यांना थांबवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर आमच्या गॅलरीच्या कठड्यावर पणत्यांचे तेलकट डाग होते. लावल्या कोणी म्हणून विचारले तर आबा म्हणाले, "मीच. खोली काळोखात कशी ठेवतलंय?"

त्याच महिन्यात त्यांची नोकरी संपली. गिरणीतून त्यांना शाल मिळाली. बोटीचे तिकीट काढून झाले. ज्या दुपारी ते निघणार होते त्या दुपारी मला सुट्टी होती आणि खोलीत आम्ही दोघेच होतो. ट्रंक दाराशी लावलेली होती. आबांनी अंघोळ केली, धोतर नेसले, आणि कोनाड्यातला नारळ काढून पाटावर ठेवला. मी उठून गॅलरीत जाऊ लागलो.

"थांब रे झिला," ते म्हणाले. "हय उभो रव."

मी म्हणालो की मी मधल्या गावचा. ते म्हणाले, ठाऊक आहे.

त्यांनी गाऱ्हाणे सुरू केले. डोंगराखालच्या गावाचे नाव घेतले. थांबले नाहीत. ओढ्याच्या धारेने खाली आले आणि मधल्या गावाचे नाव घेतले, मग खाडीकडच्या गावाचे. पूर्वीच्या क्रमाने, पूर्वीच्याच शब्दांत. मोडलेली पंचायत त्या वाक्यात पुन्हा पुरी झाली. मग ते थांबले आणि मान न वळवता म्हणाले,

"तुझ्या गावाचा नाव घेतलंय. आता तुका व्हय म्हणूक हरकत नाय."

मी व्हय म्हाराजा म्हणालो. एकट्याचा आवाज त्या खोलीत बारीक वाटला. आबांनी पुढचे वाक्य घेतले. तिन्ही गावच्या मुलाबाळांचे, गुरावासरांचे मागणे मागितले. मुंबईत पोटासाठी आलेल्यांना सांभाळ, म्हणाले. चूक झाली असेल ती पायाखाली घाल, म्हणाले. प्रत्येक वाक्याला मी उत्तर देत गेलो. चूक पायाखाली घालण्याच्या वाक्याला ते इतर वाक्यांपेक्षा थोडे जास्त थांबले, किंवा मला तसे वाटले असेल.

नारळ उंबऱ्यावर फोडला. आत पाणी नव्हते. खोबरे करवंटीपासून सुटून गोटा झाले होते, वाळलेले, तेलकट, पण कुजलेले नव्हते. आबांनी ते हुंगून पाहिले. अर्धे मला दिले, अर्धे रुमालात बांधून ट्रंकेत ठेवले. छत्री खुंटीवरून काढली आणि खुंटीवर हात ठेवून हलवून पाहिली. ती घट्ट होती.

"ही रवांदे," ते म्हणाले.

मी ट्रंक भाऊच्या धक्क्यापर्यंत नेली. बोटीला गर्दी होती. गावचे दुसरे कोणी पोचवायला आले नव्हते. मी कोणाला कळवले नव्हते आणि त्यांनीही नाही. फळीवरून आत जाताना त्यांनी मागे पाहिले नाही, कारण फळीवर पाय सांभाळावा लागतो.

त्यानंतर मी त्या खोलीत पुष्कळ वर्षे राहिलो. शेवटी शेवटी एकटाच. मंडळाच्या नावावर पावती फाटत राहिली आणि ती मी घेत राहिलो. गावाहून अधूनमधून बातमी येई. डावीकडच्या भिंतीवरच्या सातांपैकी एकजण गेला, मग दुसरा. प्रत्येक वेळी रीतीप्रमाणे खुंटी उपटून जाळायला हवी होती. खोलीत चूल राहिलेली नव्हती. मी स्टोव्ह आणला होता, त्यामुळे त्या खुंट्या तशाच राहिल्या.

आबा गेल्याचे मला आमच्या जॉबरने रस्त्यात भेटून सांगितले. तोही तेव्हा म्हातारा झाला होता. मी परत आलो, खुंटी धरून ओढली. ती निघाली नाही. पुन्हा ओढली नाही. नियमाप्रमाणे ती आता कोणाचीच नव्हती आणि तिला काहीही अडकवायला हरकत नव्हती. माझा सदरा मी उजव्या भिंतीवरच्या माझ्या खुंटीला लावला.